सात दहाचा पंखा

बसा पावणं. न्हाय, तिथं न्हाय, ह्या खुर्चीवर. दारातली वाट मोकळी असू द्या. हातकणंगल्यासनं एवढ्या सकाळी आलायसा म्हंजे कॉम्प्युटरवाल्या नईमनंच सांगितलं असणार, म्हातारा दुपारचा घरात गावत न्हाय म्हणून. आता साडेसहा झाल्यात. सात वाजून दहा मिनिटांनी मला उठाय लागतंय, दोन मिनिटांचं काम असतंय. तवर निवांत बोलू.

ती काय फ्रेम, आतल्या खोलीत टेबलावर. बघा की. डोळ्यांनी बघा, हात लावायचा न्हाय. अल्युमिनियमच्या पट्ट्या, वर धरायला एक दांडा, मधी कॉम्प्युटरचं वीतभर बोर्ड उभं केलंय आणि त्याच्या पाठीला करंटचा डबा. बाजूला पत्रा न्हाय, काच न्हाय, काय न्हाय. जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठी. तुमची लेक असलीच मागती म्हणताय, आणि तुम्ही तिला म्हणालासा, उघडं यंत्र घरात कशाला पाहिजे. व्हय न्हवं? हेच मी बी म्हणालतो. ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीवर बसून. म्हणून सांगतो, ऐका.

माझं नाव बाळासो. उद्यमनगरात एकेचाळीस वर्सं टर्नर. विजयसिंह मालकांच्या वर्कशॉपात लेथवर उभा ऱ्हायलो, ते रिटायर हुईपातूर. ह्या डाव्या हाताचं बोट बघा, निम्मंच हाय. चौऱ्याऐंशी साली पट्ट्याला गार्ड न्हवता, तवाचं. त्या दिवसापासनं माझा एकच नेम. जे फिरतंय त्याच्यावर झाकण पाहिजे. मालकाचं मशीन असू दे न्हायतर बायकोचा मिक्सर, झाकण न्हाय तर बटन न्हाय. ह्यापायी नव्या कामगारांच्या कानफटात दिल्यात मी. मला लोक तापट म्हणत्यात. म्हणू देत. दहाच्या दहा बोटं घेऊन घरी जात्यात न्हवं?

निशी माझी एकुलती. निशिगंधा. कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं काम शिकलेली. स्वतःचं मशीन तिनं स्वतः जोडलंतं, सुटं सुटं सामान आणून. बोर्ड हे एवढंसं, पण डबा कुणाचा तरी जुना आणलेला, गोदरेजच्या कपाटाएवढा. त्यात ते बोर्ड मोकळ्या हॉलमधी एकटं पोरगं बसावं तसं बसलेलं.

माझा नाद एकच, कुस्ती. पाचला सुटायचो, सायकल मारत पाच चाळीसला घरात. चप्पल काढून हातपाय धुईस्तवर कॉम्प्युटरचा पंखा घर्र करून लागलेला असायचा, आणि निशी म्हणायची, "आबा, या, आखाडा तयार हाय." मग आम्ही दोघं कुठल्या कुठल्या मैदानातल्या कुस्त्या बघायचो. तिला डाव कळायचे बरं का. मला वाटायचं, पोरगी घड्याळाकडं डोळं लावून बसती आणि पाच चाळीसला बटन दाबती. कवा विचारलं न्हाय.

मग एक दिवस तिनं चौकड्याचा कागद आणला. पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग, मापं टाकलेली, अगदी झकास. म्हणाली, "आबा, ही फ्रेम तुमच्या वर्कशॉपात करून द्या. त्या डब्यात बोर्ड गुदमरतंय. मला उघडी पाहिजे, आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे."

मी कागद बघितला. चारी बाजूंनी उघडं. मधी फिरणारा पंखा. माझं डोस्कंच फिरलं. चौऱ्याऐंशीपासनं ज्याच्यापायी मी जगाशी भांडलो, तेच माझी पोरगी मला करून मागतीया! कागद तिच्याकडं भिरकावला. ती म्हणाली, "सगळ्यावर झाकण टाकूनच बसायचं का आबा?" बास. मी म्हणलं, "माझ्या घरात उघडं यंत्र चालायचं न्हाय. लई शाणी झाली असशील तर जा की! जा, तुझ्या घरात लाव."

मला आठवतंय पावणं, मी दोनदा म्हणलो. जा, आणि जा.

पंधरा दिवसांत तिनं पुण्याला नोकरी धरली. कंपनी लॅपटॉप देणार हुती, म्हणून मशीन हितंच ठेवलं. जायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात. मी ह्या खुर्चीवर, तोंडासमोर पेपर. ती दारातनं म्हणाली, "आबा, जातो मी." आमच्याकडं पोरी बी जातो-करतोच बोलत्यात, पण निघताना जातो म्हणत न्हाईत. अंबू, माझी मंडळी, आतनं वरडली, "अगं, येतो म्हण!" तर निशी म्हणाली, "येतो आबा." आणि थांबली. घरातलं माणूस येतो म्हणलं की थोरल्यानं "ये" म्हणायचं असतंय. मग पाऊल उचलायचं. तेवढ्याला ती थांबलीती. मला तिच्याकडं बघायचं न्हवतं, म्हणून मी पेपरवरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सात वाजून दहा मिनिटं झालीती. रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. मी पेपरचं पान उलटलं.

गेली.

आठ महिने दर रविवारी तिचा फोन यायचा. अंबू बोलायची, मग फोन माझ्याकडं करायची. मी कॉटवरनं म्हणायचो, "सांग, झोपलोय." तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. असला मी माणूस. मग एका सोमवारी तिच्या मैत्रिणीचा फोन आला, निशीला ताप हाय म्हणून. चार दिवसांचा ताप पावणं. आम्ही पोचलो तवा ती वळखायच्या पलीकडं गेलती. मी कानाशी जाऊन काय काय बोललो. डॉक्टर म्हणाला, "काका, आता ऐकू जात न्हाय त्यांना."

दहाव्याचं उरकून घरी आलो. पावणेरावळे गेले. मी हात धुतोय, आणि आतल्या खोलीत पंखा लागला. घर्र. बघतो तर पाच चाळीस.

मी तसाच वल्या हातांनी गेलो. खोलीत कुणी न्हाय. पडद्यावर कुठलातरी परदेशी डोंगर, त्याच्यावर वेळ, आणि खाली पासवर्डची रिकामी पट्टी. अंबूला हाका मारल्या. "का लावलंस हे? आजच्या दिवशी?" ती दारात आली ती तिथंच थिजली. म्हणाली, "मी? मला त्याचं बटन कुठं असतंय ते बी ठावं न्हाय. रोजच लागतंय की ते. ती पुण्याला गेल्यापासनं. मला वाटायचं तुम्हीच लावताय. आठवण येती पण सांगायला लाजताय."

मला वाटायचं अंबूच लावती, मला टोचायला. आठ महिने एकाच घरात आम्ही दोघं तो पंखा ऐकत हुतो आणि एकमेकांना विचारत न्हवतो. अर्ध्या तासानं त्यो आपोआप थांबला. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं दाराच्या चौकटीला टेकून उभी हुतो. माझ्या पाठीवर काटा आलाता, खोटं कशाला बोलू. पण पाय निघत न्हवता.

मग रोजचंच झालं. तवर मी रिटायर झालतो. साडेपाचला अंबू चहा टाकायची. तीन कप. मी एकदा बी म्हणलो न्हाय की तिसरा कशाला. आम्ही खोलीत जाऊन बसायचो. पाच चाळीसला आत कुणीतरी जिना चढून आल्यावर दम घेतंय असला आवाज यायचा. अंबू हळूच म्हणायची, "आली." मी काय बोलायचो न्हाय. बोलायची माझी वेळ गेलीती. गल्लीतल्या एकानं सांगितलं, अमक्या गावचा अंगारा आणा, घरातनं काढायला पाहिजे. त्याला मी बखोटीला धरून उंबऱ्याबाहेर घातला. काढायला पाहिजे म्हणं! भुताला भ्यायचं वय न्हाय माझं. माझी भीती निराळीच हुती. एक दिवस हे लागायचं बंद झालं तर?

आणि तसंच व्हाय लागलं. पहिल्यांदा अर्धा तास चालायचं, मग दहा मिनिटं, मग एक दिवस दोनच मिनिटांत खटकन बंद. हात लावला तर डबा तव्यागत तापलेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीन पोत्यात गुंडाळून रिक्षात घातलं आणि शाहूपुरीत नईमच्या दुकानात नेलं. निशी त्याच्याकडनंच सामान घ्यायची.

नईमनं डबा खोलला. आत धूळ अशी की वाकळ शिवावी. म्हणाला, "काका, बोर्ड एक नंबर हाय, पण सप्लाय, करंट देणारा, त्यो गेलाय आणि ह्या डब्यात हवाच फिरत न्हाय. डबा बदलाय लागतोय." मग मी त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. पाच चाळीसचं. हसंल वाटलं. पण हसला न्हाय. दुसऱ्या सप्लायवर मशीन चालू केलं, पडद्यावर निळी-पांढरी इंग्रजी पानं काढली आणि बोट ठेवलं. "हे बघा काका. गजर लावलाय. रोज सतरा वाजून चाळीस. म्हंजे पाच चाळीस. मशीन स्वतःच उठतंय. निशीनं लावून ठेवलंय."

मी म्हणलं, "कशापायी?"

"ते मला काय म्हाईत? पाच चाळीसला कोण यायचं घरात?"

मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो. भूत असतं तर बरं झालं असतं पावणं. भुताशी भांडता येतंय.

नईम बाहेर आला, हातात पाण्याचा तांब्या. म्हणाला, "एक सांगतो. ह्या बोर्डावर एक सेल हाय, घड्याळात असतो तसला, रुपयाएवढा. भिंतीतली पिन काढली की ह्याचं घड्याळ त्या सेलवरच चालतंय. त्यो सेल जागचा हलला तर घड्याळ जाणार, बहुतेक गजर बी जाणार. मी परत लावून दीन, दोन मिनिटांचं काम हाय. पण मग त्यो मी लावलेला असंल." मोठा शाणा गडी. मी म्हणलं, "सेलला हात लावायचा न्हाय. पासवर्ड बी फोडायचा न्हाय. तिची खोली हाय ती, कडी काढून आत शिरायचं न्हाय." त्यानं सेल मापला, भरलेला हुता.

मग डबं बघाय लागलो. नईमनं पहिला काढला त्याला चारी बाजूंनी काच, आत रंगीबेरंगी दिवे, उरसातल्या पाळण्यागत. म्हणलं, ठेव तिकडं. दुसरा ल्हान हुता, जाळीचा, पण पत्रा बोटानं दाबला तर आत गेला. "अरं हा पत्रा हाय का पापड?" तिसरा बाहेरच्या देशातनं आलेला, सुट्ट्या पट्ट्या जोडून करायचा, उघडा. त्यो हातात घेतला आणि मला चौकड्याचा कागद आठवला. तसाच दिसत हुता, पण वंगाळ. कोपरं काटकोनात न्हाईत, भोकाच्या कडा घासलेल्या न्हाईत. माझ्या लेकीचं ड्रॉइंग ह्याच्यापेक्षा चांगलं हुतं. नईमला म्हणलं, "बोर्डाची, सप्लायची मापं दे. मी करतो."

घरी येऊन निशीचं कपाट उघडलं. कागद तिनं टाकला न्हवता. वहीत घडी करून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात गेलो. मालकांनी विचारलं बी न्हाय, नुसतं मिलिंग मशीनकडं बोट केलं. कागद सपाट करून त्याच्यावर वजनं ठेवायला गेलो आणि तवा दिसलं की पाठीमागं बी काय तरी काढलंय. मी त्या दिवशी पुढची बाजू बघूनच भिरकावलाता न्हवं? पाठीमागं पंख्यावर बसायची गोल जाळी हुती. तारंचं माप, चार स्क्रूंची भोकं, सगळं. आणि बाजूला तिच्या अक्षरात लिवलेलं: "गार्ड. आबा बोलायच्या आधीच."

मी मशीन बंद केलं. एकेचाळीस वर्सांत पहिल्यांदा वर्कशॉपात रडलो. कामगार लांब उभं ऱ्हायले, जवळ यायची कुणाची छाती झाली न्हाय.

सहा दिवसांत फ्रेम केली. पट्ट्या कापल्या, कडा मारल्या, बोर्ड धातूला टेकू नये म्हणून चार पितळी खांब वळले. त्यातले आटे इंची असत्यात, हे मला नईमचा स्क्रू बोटात फिरवून कळलं, पडताळून बघाय लागलं न्हाय. पंख्यावर जाळी बसवली. सगळं तिच्या मापानं, एक दोरा बी हिकडं तिकडं न्हाय. मग नईम घरी आला, जुन्या डब्यातनं बोर्ड काढून ह्या फ्रेमवर चढवलं. सेलला वाऱ्यानं बी धक्का लावला न्हाय. वायरी वळवून बांधल्या. म्हणाला, "काका, नाद खुळा काम झालंय! निशी असती तर दुकानात मिरवली असती."

त्या सांजंला आम्ही दोघं बसलो. आदी नुसता आवाज यायचा, आता समोर दिसत हुतं. कोपऱ्यातला ल्हान हिरवा दिवा लागला. पंखा अर्धा वळला, थांबला, आणि मग फिराय लागला. बटनावर बोट कुणाचं न्हाय. अंबूनं माझा हात घट्ट धरला. मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, त्या भीतीसारखं गोड मला आयुष्यात काय लागलं न्हाय. दीड महिना त्यो पंखा रोज लागला.

मग आली खंडेनवमी.

आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजायची. पान्हे, व्हर्नियर, मायक्रोमीटर, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मी सकाळी वर्कशॉपातल्या पूजेला गेलतो. मागं अंबूच्या मनात आलं, निशीचं हत्यार हे. त्याची पूजा कोण करणार? दुसऱ्यांच्या घरात कॉम्प्युटरच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट लावत्यात, झालं. ह्याला पत्राच न्हाय. बिचारीनं शॉक लागू नये म्हणून भिंतीतली पिन काढली. मऊ फडक्यानं पट्ट्या पुसल्या. आणि बोर्डावर तिला एक गोल, चांदीगत चकचकीत चकती दिसली. वर बारीक अक्षरं कोरलेली. अगदी देव्हाऱ्यातल्या टाकासारखी. तिला वाटलं, ह्या यंत्राचा देव ह्योच. नखानं टकटक केलं तर ती चकती टुणकन बाहेर आली. मग तिनं काय केलं असंल? आमच्या बायका सणाला देवांचं टाक जे करत्यात तेच. चिंचंनं घासला, धुतला, पुसला, आणि देवांच्या ताम्हणात ठेवून हळदकुंकू वाहिलं.

मी दुपारी सव्वाला घरात आलो. देव्हाऱ्यासमोर ताम्हण. त्यात खंडोबा, अंबाबाई, आणि मधी कुंकवानं लाल झालेला सेल.

काय काय बोललो ते सांगत न्हाय. सेल पुसला, जागेवर बसवला, पिन खोचली, बटन दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली, त्यात सांगितलेलं बटन दाबलं, आणि डोंगर दिसला. तवा दीड वाजलाता. वाटलं, वाचलं. नईमला फोन लावला. दुकानात सणाची गर्दी, तरी त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पाच चाळीसला बघा काका. न्हाय लागलं तर गेलं."

पाच चाळीस झाले. हिरवा दिवा न्हाय. पंचेचाळीस. पंखा जागचा हलला न्हाय. सहा वाजले. जाळीच्या आत ती पाती नुसती उभी. खोली अशी मोकळी वाटली की दहाव्याला बी वाटली न्हवती. अंबूच्या हातातला तिसरा कप गार झाला.

मी तिच्याकडं वळलो आणि म्हणलो, "दुसऱ्यांदा मारलीस तिला."

अंबू कवा मला उलटून बोललेली न्हाय पावणं. पस्तीस वर्सांत न्हाय. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आणि पहिल्यांदा कुणी मारली? लेक दारात उभी हुती. ये म्हणा म्हणून थांबलीती. तुम्ही पान उलटलंसा."

उठून आत गेली. खरं हुतं ते. तापानं नेली हे जगाला सांगायला. माझ्या मनात तिची पाठवणी मीच केलती, "जा" म्हणून, आणि "ये" न म्हणून.

सकाळ झाली. दसरा. गल्लीत पोरं झेंडूच्या माळा बांधत हुती. मी ह्या खुर्चीवर पेपर घेऊन बसलोतो, अक्षर बी दिसत न्हवतं. अंबू स्वयंपाकघरात माळ ववत हुती.

आणि आत पंखा लागला.

मी धडपडत गेलो. हिरवा दिवा पेटलेला. जाळीमागं पाती फिरतीया. पडद्यावर डोंगर, आणि त्याच्यावर वेळ: पाच चाळीस. सकाळी! मी मागं वळून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

सात वाजून दहा मिनिटं.

पेपर माझ्या हातातच हुता पावणं. तसाच. अंबू हातात माळ घेऊन आली, तिनं पडदा बघितला, मग घड्याळ बघितलं, आणि तोंडावर पदर दाबला. ती वेळ तिला बी पाठ हुती. मी दाराकडं बघितलं. दार उघडंच हुतं, तोरण बांधायला उघडलेलं. उंबऱ्यावर ऊन पडलंतं. मी पेपर टाकला आणि दारात गेलो. पाय माझे हुते, पण नेत कोण हुतं ते मला ठावं न्हाय. अंबू मागनं आली, आणि तिचा हात माझ्या पाठीवर ऱ्हायला.

सांजंला नईम सोनं द्यायला आला, त्यानं बघून उलगडा केला. म्हणाला, "सेल काढला, पिन बी काढलेली, त्यामुळं घड्याळ पुसलं. तुम्ही दीड वाजता पिन खोचलीसा, तवापासनं त्यानं शून्यापासनं मोजाय सुरवात केली. नेट बंद हाय, त्यामुळं ते आपण होऊन सुधरत न्हाय. पण गजर ह्या बोर्डात दुसऱ्या जागी असावा, त्यो टिकला. म्हणून त्याचे पाच चाळीस तुमच्या सात दहाला वाजत्यात. साधा हिशोब हाय." मग म्हणाला, "घड्याळ बरोबर करून देऊ?"

मी आणि अंबू एकदमच म्हणलो, "नको."

हिशोब मला बी येतोय की. दीडमधी सतरा चाळीस मिळवायचे, झालं. पण मी एक वाजता घरी आलो असतो तर? अंबूनं पूजा उशिरा केली असती तर? नईम म्हणतोय योगायोग. असंल. मी त्याच्याशी वाद घालत न्हाय. तिचा आवाज ऐकायला मी पाच चाळीसला बसायचो, घरात येणाऱ्या बापासाठी तिनं लावलेली वेळ ती. मला तीच पाहिजे हुती. पण माझं देणं सात दहाला हुतं.

तुमची फ्रेम करून देतो पावणं. लेकीला संगं घेऊन या, माप तिलाच सांगू दे. आणि तिनं कागद दिला तर दोन्ही बाजूंनी बघा.

ऐका. लागला बघा पंखा. सात दहा.

जरा पाय आत घ्या, दार मोकळं करा. अंबू, ये बाहेर.

ये गं बाळा. सावकाश जा. पोचलीस की फोन कर. मीच उचलतो.